उभ्या गाडीचे हेलकावे

शुक्रवारी संध्याकाळी बंगळुरूहून सकलेशपूर, कूर्ग, काबिनी किंवा हंपीकडे निघणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत हल्ली अधूनमधून एखादी घरवजा गाडीही दिसते. आत पलंग, ओटा, फ्रिज, बेसिन, संडास. कोविडच्या सुमारास बंगळुरूच्याच एका कंपनीने भारतबेंझच्या चासीवर ‘लक्झकॅम्पर’ नावाच्या अशा गाड्या बांधल्या आणि कर्नाटकच्या पर्यटन खात्याने त्यांना हात दिला. केरळने २०२१ मध्ये ‘केरॅव्हॅन केरळ’ ही योजना आणली. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले तेही त्याच वर्षी. २०२२ मध्ये महिंद्रने आयआयटी मद्रासच्या आधाराने उभ्या राहिलेल्या ‘कॅम्परव्हॅन फॅक्टरी’शी करार करून बोलेरोवर बेतलेली, चौघांना झोपता येईल अशी गाडी जाहीर केली. मोटार कॅराव्हॅनसाठी देशात एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानकही आहे. मोटारीच्या मागे जोडून ओढायचा कॅम्पिंग ट्रेलर मात्र आपल्याकडे अजून अपूर्वाईचाच. पण चाकांवरचे घर इंजिनासकट असो की बिनइंजिनाचे, मुक्कामाला उभे राहिले की दोघांचे दुखणे एकच असते. ते हलते.

एकाने कूस बदलली की दुसऱ्याला जाग येते. कोणी दार लोटले की ओट्यावरच्या चहाच्या कपात लाटा उठतात. मूल पलंगावरून उडी मारून खाली आले की वरच्या कप्प्यातली भांडी वाजतात. गाडी भाड्याने देणाऱ्यांच्या माहितीपत्रकात गादीची जाडी, सौर पॅनेल, टीव्हीचे इंच हे सगळे सापडते. रात्री गाडी किती हलेल हा प्रश्न पहिल्या मुक्कामापर्यंत कोणाला सुचतही नाही. सुचतो तेव्हा बहुतेक जण एकच उपाय करतात: जॅकचे हँडल आणखी चार फेरे फिरवायचे, गाडी आणखी वर उचलायची. हा उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि तो चुकीचा का हे कळण्यासाठी गाडी कशाने हलते ते आधी पाहावे लागते.

रस्त्यावरचे खड्डे आतल्या माणसांपर्यंत पोचू नयेत म्हणून गाडीखाली कमान पाटे असतात, त्याखाली हवेचे टायर. धावताना उपयोगी पडणारा हा मऊपणा उभे राहिल्यावर नडतो. स्प्रिंगवर ठेवलेल्या वजनाला स्वतःची एक लय असते आणि ती मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. गाडीच्या वजनाने स्प्रिंग जितके सेंटिमीटर दबते त्याचे वर्गमूळ काढायचे आणि ५ ला त्याने भागायचे. उत्तर म्हणजे सेकंदाला किती हेलकावे. स्प्रिंग ६ सेंटिमीटर दबत असेल तर उत्तर येते सुमारे २. आता माणूस निवांत चालतो तेव्हा त्याची पावले पडतात सेकंदाला साधारण दोनच. म्हणजे पलंगापासून संडासापर्यंत चार पावले टाकणारा माणूस नकळत गाडीच्या लयीवरच पाय देत असतो. झोपाळ्याला योग्य क्षणी टेकवलेले बोट पुरते, तसे हे.

कमान पाट्यांची एक गंमत ट्रकवाल्यांना ठाऊक असते, कॅम्परवाल्यांना नसते. पाते पात्यावर घासून थोडी ऊर्जा खाते, पण धक्का लहान असला तर पाती एकमेकांना चिकटूनच राहतात, सरकत नाहीत. अशा वेळी स्प्रिंगचे काम एकटे टायर करतात. टायरचे रबर फार कमी ऊर्जा गिळते, म्हणून रात्रीची बारीक हालचाल लवकर शमत नाही, लांबत जाते. नुकतेच ग्रीस केलेले पाटे असलेली गाडी रस्त्यावर सुखाची आणि मुक्कामाला जास्त हलणारी वाटली, तर त्यात नवल नाही.

वरखाली होणे हा मात्र यातला सौम्य प्रकार. माणसाच्या अंगाला कंप किती जाणवतो याचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २६३१ सांगते, की उभ्या दिशेचा कंप माणसाला सर्वांत जास्त टोचतो तो सेकंदाला ४ ते ८ आवर्तनांच्या पट्ट्यात. आडव्या दिशेचा मात्र २ च्या खाली. उभी गाडी डावी-उजवीकडे डुलते ती नेमकी या दुसऱ्या पट्ट्यात. त्यामुळे मोजपट्टीवर वरखालीची आणि आडवी हालचाल सारखी भरली तरी तक्रार होते ती आडवीबद्दल. लंडनमध्ये १० जून २००० रोजी खुल्या झालेल्या मिलेनियम पुलाची हीच कथा. लोक चालू लागले, पूल आडवा डुलू लागला, तोल सावरण्यासाठी लोक त्याच तालात पावले टाकू लागले आणि डुलणे वाढले. दोन दिवसांत पूल बंद करावा लागला. तो पुन्हा उघडला फेब्रुवारी २००२ मध्ये, द्रवावर चालणारे ३७ आणि त्याशिवाय वजनावर चालणारे अनेक कंपशोषक बसवल्यावर. पुलाखाली वजन पेलणारे खांब काही कमी नव्हते. कमी होते ते आडव्या हालचालीला रोखणारे आणि तिची ऊर्जा जिरवणारे काही.

कॅम्परच्या चार कोपऱ्यांना लावलेल्या जॅकचेही तसेच. जॅक सरळ उभा असतो. वरून दाब आला तर तो पेलतो, बाजूने ढकलले तर त्याच्या सांध्यांत जो काही प्ले असेल तितका तो झुकतो. सीझर जॅकची घडी ज्या दिशेने उघडते त्या दिशेने तो बऱ्यापैकी ताठ असतो, तिच्या काटकोनात लेचापेचा. म्हणून चारही जॅक एकाच दिशेला तोंड करून बसवलेल्या गाडीत एका अंगाची हालचाल कमी होते, दुसऱ्या अंगाची तशीच राहते. बसवताना दोन जॅक आडवे आणि दोन लांबीच्या दिशेने, किंवा चारही ४५ अंशांत वळवून, एवढा बदल फुकटात होतो. चासीला वेल्डिंग करायच्या आधी तो सुचला पाहिजे, इतकेच.

दुसरी गोष्ट जॅकच्या उंचीची. बाहेर निघालेला पाय जितका लांब तितका तो वाकतो, आणि हे प्रमाण साधे नाही, घनाचे आहे. वरच्या टोकाशी घट्ट धरलेला ४० सेंटिमीटरचा दांडा २० सेंटिमीटरवर आणला तर तो आडव्या ढकलण्याला आठपट ताठ होतो. यातून निघणारा उपाय फारच गावठी आहे: जॅकखाली लाकडाचा जाड गुटका ठेवायचा आणि पाय अर्धाच उघडायचा. शेकडो रुपयांच्या नव्या जॅकपेक्षा रेल्वेच्या जुन्या स्लीपरचा एक तुकडा जास्त काम करून जातो.

तरीही सरळ पायांची मर्यादा राहतेच. मांडव घालणारे हे कोणत्याही पुस्तकाशिवाय जाणतात. उभे-आडवे बांबू बांधून झाले की एखादा तिरका बांबू मारल्याखेरीज ते शिडी लावत नाहीत. चौकट कितीही जाड असली तरी ती बाजूला कलू शकते, त्रिकोण कलू शकत नाही. अमेरिकेत ट्रेलरवाल्यांसाठी जॅकच्या पावलापासून चासीपर्यंत जाणाऱ्या, आत-बाहेर सरकणाऱ्या तिरक्या नळ्या तयार मिळतात. गाडी समतल करताना त्या मोकळ्या ठेवायच्या, सगळे जागेवर आले की मुठी आवळायच्या. आडव्या आणि लांबीच्या अशा दोन्ही दिशांना तिरके आधार मिळाले की आतल्या माणसाला पडणारा फरक जॅकच्या कितीही फेऱ्यांनी पडत नाही. या सगळ्या विषयात पैसे टाकायचे झाले तर पहिले पैसे इथे टाकावेत.

बंगळुरूत हे बनवून घेणे अवघड नाही. जे. सी. रोडवर सुट्या भागांची दुकाने आहेत, पीण्या औद्योगिक वसाहतीत लेथ आणि वेल्डिंगची कामे करणारे लहानमोठे कारखाने पावलोपावली. एकात एक सरकणाऱ्या दोन चौकोनी नळ्या, ताण द्यायला टर्नबकल, दोन्ही टोकांना पिनेचा कान. लोखंड साधेच चालते. काळजी घ्यायची ती कानाच्या भोकाची. पिन सैल बसली तर तेवढा प्ले पुन्हा गाडीला मिळतो, आणि दोन मिलिमीटरचा प्ले तिरक्या आधाराची निम्मी कमाई खाऊन टाकतो. पिनेऐवजी बोल्ट घालून नट आवळून घेतलेला बरा.

आता क्रमाकडे. या कामात साधनापेक्षा क्रमाला जास्त महत्त्व आहे आणि तोच सर्वांत जास्त चुकतो.

आधी जागा. मग डावी-उजवी पातळी, आणि ती चाकांखाली फळ्या सारूनच साधायची. कोपऱ्यातल्या जॅकने नव्हे. कोपऱ्यातले जॅक गाडी स्थिर ठेवण्यासाठी असतात, उचलण्यासाठी नसतात, हे ब्रिटनमधल्या कॅराव्हॅनवाल्यांना पहिल्या दिवशी शिकवतात. एकाच कोपऱ्याला जोर दिला की चासीला पीळ बसतो. पीळ डोळ्यांना दिसत नाही, दार सांगते: काल सहज लागणारे दार आज वरच्या कोपऱ्यात घासू लागते. शिवाय गाडी जॅकवर उचलली की टायर जमिनीला जेमतेम टेकतात, आणि जमिनीशी असलेली सर्वांत रुंद, सर्वांत घट्ट पकड आपणच सोडून देतो. वजन चाकांवरच राहिले पाहिजे. जॅकने फक्त हालचाल अडवायची.

पातळी झाली की चाके अडवायची, दोन्ही बाजूंनी, घट्ट. इथे आपल्या ट्रकवाल्यांचा दगड आठवतो, जो काम झाल्यावर हायवेवर तसाच टाकून ते निघून जातात आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या जिवावर उठतात. कॅम्परला दगड पुरतही नाही. दगड गाडीला उतारावरून घरंगळू देत नाही, पण चाकाला पुढे-मागे अर्धा-पाऊण सेंटिमीटर डोलायला मोकळीक ठेवतो, आणि रात्री तेवढीच नडते. लाकडाची पाचर हातोडीने ठोकून बसवली तर ही मोकळीक जाते. ज्या ट्रेलरला एकामागे एक अशी दोन चाके असतात त्याला आणखी चांगला इलाज आहे: दोन टायरांच्या मधल्या फटीत कैचीसारखे उघडणारे अडसर घालून पान्याने ताणायचे. दोन्ही टायर एकमेकांविरुद्ध दाबले जातात आणि लांबीच्या दिशेची हालचाल जवळजवळ थांबते. हँडब्रेक लावलेला असला तरी हे करावे. ब्रेक ड्रमला धरतो, टायरच्या रबराला नाही. ड्रम जागच्या जागी असताना टायर पिळवटून गाडी पुढे-मागे होऊ शकते.

त्यानंतर ट्रेलर मोटारीपासून सोडायचा आणि पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी आणायची. इथे जाणकार एक युक्ती वापरतात. ट्रेलरचे नाक पातळीपेक्षा मुद्दाम थोडे खाली नेतात. नाक खाली गेले की शेपूट वर जाते. त्या स्थितीत मागचे दोन जॅक हाताने जमिनीला टेकेपर्यंत सोडतात, जोर न लावता. मग नाक पुन्हा पातळीत उचलतात, शेपूट खाली बसते आणि मागच्या दोन्ही जॅकवर सारखा, भरपूर दाब येतो. शेवटी पुढचे दोन जॅक टेकवून अर्धा फेरा आवळतात. हँडलशी मारामारी नाही, चासीला पीळ नाही. इंजिनवाल्या कॅम्परला नाक खाली-वर करता येत नाही. तिथे चारही जॅक थोडे थोडे, समोरासमोरच्या कोपऱ्यांनी आवळत जाणे हाच मार्ग. पाणसळ हवीच. मोबाइलमधले लेव्हलचे अ‍ॅप चालते, पण फोन ओट्यावर न ठेवता खाली फरशीवर, चासीच्या रेषेत ठेवावा. ओटे सुतारांनी बसवलेले असतात.

बंगळुरूच्या भोवतालची जमीन या खेळात मोठा वाटा उचलते. रामनगरजवळ, जिथे ‘शोले’चे चित्रण झाले, तिथे उघडा कातळ आहे. बंगळुरूच्या लालबागेतला सुमारे तीन अब्ज वर्षे जुना खडक ज्या प्रदेशातला, त्याच प्रदेशातला हा दगड. त्यावर जॅक खचत नाही, घसरतो. लोखंडी पावलाखाली जुन्या टायरचा तुकडा टाकला की घसरणे थांबते, वर रबर थोडी ऊर्जाही शोषते. शहराबाहेरच्या बहुतेक रिसॉर्टांच्या आवारात मात्र तांबडी माती असते. उन्हाळ्यात ती विटेसारखी कडक. बंगळुरूला सर्वांत जास्त पाऊस पडतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि नेमक्या त्याच महिन्यांतल्या सुट्ट्यांत लोक बाहेर पडतात. ओल्या तांबड्या मातीत जॅकचे पाऊल कसे रुतते ते सकाळी वाकून पाहण्यासारखे असते: पावलाभोवती बोटभर उंच मऊ कड उठलेली, मधे पाण्याचे डबके, आणि रात्री घट्ट असलेला स्क्रू आता बोटाने फिरतोय. हिशोब साधा आहे. १० बाय १० सेंटिमीटरच्या पावलावर ३०० किलो आले तर दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो दाब पडतो. खाली ३० बाय ३० ची फळी टाकली की तो एक तृतीयांश किलोवर येतो. उत्तरेकडे विजयपूर, बागलकोट, कलबुर्गीच्या काळ्या रानात तर फळीचाही भरवसा नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि एकाच गाडीचे चार कोपरे चार उंचींवर नेऊन ठेवते. तिथे रस्त्याकडेची मुरमाची जागा शोधणे शहाणपणाचे.

जमीन कशीही असो, पहिल्या तासाभरात जॅक पुन्हा एकदा तपासावे लागतात. माती दबते हे एक कारण. दुसरे टायरमध्ये असते. लांबच्या प्रवासाने तापलेला टायर रात्री गार होतो, आतली हवा आकसते, गाडी किंचित खाली बसते. ६० पीएसआयच्या टायरमध्ये दर १० अंशांना साधारण २ ते ३ पीएसआय एवढा फरक पडतो. बंगळुरूच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर, फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपार आणि पहाट यांत त्याहून जास्त अंशांचे अंतर असते. संध्याकाळी आल्या आल्या आवळलेल्या जॅकवर पहाटेपर्यंत नको इतका भार येतो, आणि पहाटे आवळलेला जॅक दुपारी सैल लागतो. तेव्हा गाडी लावून, चहा पिऊन, टायर हाताला गार लागल्यावर शेवटचा फेरा द्यावा.

टायर थोडे जास्त फुगवले तर गाडी कमी हलते, हा सल्लाही अधूनमधून ऐकू येतो. खरा आहे, पण टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल दाबाच्या आतच. त्यापलीकडे जाऊन झोप सुधारण्याचा सौदा महाग पडेल. पाण्याची टाकी भरून ठेवली की गाडी जड होते आणि धक्का कमी जाणवतो असेही म्हणतात. अडीच-तीन टनांच्या गाडीत २०० लिटरने पडून पडून किती फरक पडणार? अर्धी टाकी तर उलट डुचमळते.

हवेच्या फुग्यांवर चालणाऱ्या चासीचे मात्र तसे नाही. बंगळुरूकरांना असे फुगे माहीत आहेत ते २००६ पासून शहरात धावणाऱ्या बीएमटीसीच्या व्होल्वो बसमुळे. शेजारच्या होसकोटेत व्होल्वोचा कारखानाच आहे. फुगा लोखंडी पाट्यापेक्षा मऊ, म्हणून मुक्कामाला ही गाडी जास्त डुलते. पण तिची हवा सोडून देता येते. हवा सोडली की गाडी खालच्या रबरी ठोकळ्यांवर बसते आणि निम्मे हेलकावे एका खटक्यासरशी जातात. ज्यांना जुन्या बसचे घर करायचे आहे त्यांनी चासी निवडताना हा खटका आहे का ते जरूर पाहावे.

वारा हा न बोलावलेला पाहुणा. वाऱ्याचा दाब काढायचे भारतीय मानक आयएस ८७५ मधले सूत्र सोपे आहे: मीटर प्रति सेकंदातल्या वेगाचा वर्ग गुणिले ०.६, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाआधी ताशी ५४ किलोमीटरचा झोत आला, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, तर दाब होतो १३५ न्यूटन. सहा मीटर लांब आणि सव्वादोन मीटर उंच कुशीवर तो पडला की ढोबळमानाने १८० किलोची ढकल होते. तोच वारा गाडीच्या तोंडावर घेतला तर सत्तरच्या आसपास. रात्री वारा कुठून येईल याचा अंदाज घेऊन गाडीचे तोंड तिकडे करणे याला पैसा लागत नाही, फक्त चालकाला दोनदा रिव्हर्स घ्यायचा कंटाळा नसावा. जूनपासून वारा नैऋत्येचा, हे तर ठरलेलेच. छत्रीसारखा बाहेर काढलेला कापडी मांडव मात्र झोत येण्याआधी गुंडाळावा. तो शिडाचे काम करतो.

गाडी उभी असताना स्थिर राहिली पाहिजे, ही गरज हौशी प्रवाशांपुरती नाही, आणि उरलेल्यांची गरज जास्त निकडीची आहे. पुण्यात २०१६ मध्ये जुन्या पीएमपीएमएल बसमधून स्त्रियांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहे तयार झाली. बंगळुरूच्या केंपेगौडा बसस्थानकात केएसआरटीसीने २०२० मध्ये तशीच एक जुनी बस उभी केली. अशा बसमध्ये दिवसभर माणसांची चढउतार असते, त्यांत म्हाताऱ्या, गरोदर बाया, कडेवर मूल घेतलेल्या आया. पायरीवर पाय ठेवताक्षणी बस खाली गेली की हात आधार शोधतो. कायम उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी कमान पाट्यांचा विचारच सोडावा, चासी थेट विटा-सिमेंटच्या खांबांवर किंवा लोखंडी घोड्यांवर बसवावी आणि चाके शोभेला ठेवावीत. शहरातल्या फूड ट्रकचे दुखणे आणखी वेगळे. तिथे तळणीत उकळते तेल असते आणि दोन माणसे अरुंद जागेत एकमेकांना ओलांडत असतात. रक्तदानाच्या गाडीत सुई असते, दातांच्या गाडीत ड्रिल. सिनेमावाल्यांच्या व्हॅनिटी व्हॅनमध्ये आरशासमोर बसून डोळ्यात काजळाची रेघ ओढणाऱ्या रंगभूषाकारालाही हेलकावा परवडत नाही. आपल्याकडे अशा व्हॅन आणण्याचे श्रेय अभिनेत्री पूनम धिल्लन यांना दिले जाते, आणि आज मुंबईप्रमाणेच त्या बंगळुरूच्या कन्नड चित्रसृष्टीतही रोज कुठे ना कुठे उभ्या असतात. गाडी लावून स्थिर करण्याचा सर्वांत जास्त रोजचा सराव देशात कोणाला असेल तर तो या व्हॅनच्या चालकांना. कॅम्पर भाड्याने देणाऱ्यांनी त्यांच्यापैकी एखाद्याला दोन दिवस शिकवायला बोलावले तर कोणत्याही आयात केलेल्या साधनापेक्षा स्वस्त पडेल.

धोक्यांचेही थोडे बोलायला हवे. जॅकवर उभ्या गाडीखाली, पाचर असो वा नसो, डोके घालायचे नाही. लाकडाचे गुटके एकावर एक रचून मनोरा करायचा नाही. दोनाहून जास्त लागले तर जागा चुकली आहे. उतारावर ट्रेलर मोटारीपासून सोडण्याआधी चाके अडवलेली आहेत ना हे दुसऱ्या माणसाने पाहावे, कारण सोडणाऱ्याचे लक्ष कप्लिंगवर असते. आणि सर्वांत नेहमीचा अपघात सकाळी होतो: घाईत निघताना जॅक वर घ्यायचा राहतो, गाडी हलते आणि जॅक वाकून चासीवरून उखडतो. जॅकचे हँडल मुक्कामाच्या वेळी स्टिअरिंगवर आडवे ठेवायची सवय काही चालकांनी लावून घेतली आहे. ते उचलल्याशिवाय गाडी चालवता येत नाही, आणि उचलले की आठवण होतेच.

जनरेटर आणि एसीची घरघर हा वेगळा कारभार. तो कंप सेकंदाला दोनाचा नसून वीस-तीसचा असतो, तो जॅकने जात नाही, उलट ताठ जॅकमधून जमिनीवर आणि परत गाडीत फिरतो. त्याला यंत्राच्या पायाखाली रबरी माउंटिंग हाच उतारा, आणि शक्य असेल तिथे बाहेरची वीज.

बाहेरच्या विजेवरून गोष्ट कॅराव्हॅन पार्कपर्यंत येते. केरळात २०२२ मध्ये वागमोनला पहिला पार्क उघडला. महाराष्ट्राच्या धोरणातही पार्कची तरतूद आहे. बंगळुरूभोवती रिसॉर्टवाले आपल्या आवारात दोन-चार गाड्यांची जागा काढू लागले आहेत. वीज, पाणी, मैलापाण्याची जोडणी या गोष्टी सगळ्यांच्या ध्यानात असतात. गाडी जिथे उभी राहणार ती जमीन बहुतेकदा रोलर फिरवलेली माती किंवा पेव्हर ब्लॉक असते, आणि पेव्हर ब्लॉक जॅकच्या पावलाखाली एकेक करून खचतात. तीन बाय आठ मीटरचा, दहा-बारा सेंटिमीटर जाडीचा, पाणसळीत ओतलेला काँक्रीटचा ओटा केला तर फळ्या, गुटके, पातळी ही निम्मी कामे मुळातच उरत नाहीत. ओतकाम ओले असतानाच चार कोपऱ्यांना सळईची कडी पुरून ठेवायची. तिरके ताण मग थेट त्यांना बांधता येतात, आणि वळवाच्या झोतात तीच कडी गाडी धरून ठेवायला कामाला येतात.